नाकाच्या शेंड्यावर

पायावर धामण सोडली, तेव्हा दौलत सुपनेकर सरांनी फक्त खाली पाहिलं.

"बिनविषारी आहे," ते म्हणाले. "आणि ती बिचारी तुमच्यापेक्षा जास्त घाबरलीय. जाऊ द्या तिला."

धामण गवतात शिरली. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तांबडा मणी काही पेटला नाही.

"कट," केतकी म्हणाली. हातातल्या टॅबकडे बघून तिने उसासा टाकला. "आप्पा, तुमचं नाक अजून तसंच आहे."

"मग कसं असायला हवं?"

"गार पडायला हवं. आपोआप."

सरांनी डोक्यावरची खाकी हॅट सारखी केली. "आपोआप काही होत नसतं, सराव लागतो. परत घ्या."

पण परत घ्यायला धामण तर हवी! ती एव्हाना सड्याच्या, त्या खडकाळ पठाराच्या, पार दुसऱ्या टोकाला पोचली असावी.

सुपनेकर सर सड्याच्या पायथ्याशी असलेल्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं पीटीचे शिक्षक होते. सरांची शिट्टी वाजली की उकिरड्यावरचे कोंबडेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतात, असं गावात म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ज्याच्या आवाजात दम नाही त्याला छडी लागते, असं ते नव्या शिक्षकांना ऐकवत.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी ती सिनेमा शिकायला जाते म्हणाली, तेव्हा सरांनी एकवीस वर्षांच्या मुलीला अंगणात 'सावधान'मध्ये उभं केलं आणि पोलीस भरतीचे फायदे समजावून सांगितले. मधेच शाळेची घंटा झाली, सर निघून गेले आणि 'विश्राम' म्हणायचं राहून गेलं. संध्याकाळी परतले तेव्हा घरात मुलगीही नव्हती आणि तिची बॅगही नव्हती. पुढे सर हा प्रसंग विनोद म्हणून सांगत आणि ऐकणारे हसतही. केतकी मात्र त्यानंतर घरी राहायला आली नाही. आताही, गावातच शूटिंग असून, ती आपल्या माणसांबरोबर शाळेच्या वर्गात मुक्कामाला होती. सरांनी सिनेमात काम करायचं कबूल केलं ते एवढ्यासाठीच. काम चोख झालं, सिनेमा तडीस गेला, तर पोरगी पुन्हा घरी येऊ लागेल, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता.

सिनेमाचं नाव होतं 'परग्रही शिकार मंडळ, मु. पो. उंबरसडा'. उंबरसड्यावर जुन्या पवनचक्क्या आहेत. त्यातल्या निम्म्या आता बंद पडल्या आहेत आणि त्यांची पाती काढून नेल्यावर नुसते गंजके मनोरे उरले आहेत. तिथे परग्रहावरून कुणीतरी उतरलंय, अशी आवई उठते. गावकरी रीतसर मंडळ स्थापन करतात, अध्यक्षपदावरून भांडतात आणि शेवटी निवृत्त पीटी शिक्षकाच्या नेतृत्वाखाली त्याच्या शिकारीला निघतात. परग्रहवासी दिसतो कसा, हा अवघड प्रश्न केतकीने एका फटक्यात सोडवला होता. तो दिसतच नाही. दिसतात ती फक्त त्याला पाहून घाबरलेली माणसं. दुसरं काही परवडण्यासारखंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घाबरण्याचा अभिनय तर कुणीही करेल. इथेच गोम होती. त्या दिवसांत एक ओळ लिहून दिली की यंत्र दोन तासांचा सिनेमा काढून देई. त्यात नट-नट्या हव्या तितक्या रडत, हव्या तितक्या किंचाळत आणि त्यांचा एकही अश्रू चुकीच्या जागी पडत नसे. लोकांना त्याचा वीट आला. मग सोन्याला जसा हॉलमार्क, तसा सिनेमाला 'अस्सल' हा शिक्का निघाला. या सिनेमातली भावना खरोखरच्या माणसाला खरोखर झाली होती, याची ती हमी. शिक्का मिळाला तर प्रेक्षक तिकीट काढत. नाहीतर सिनेमा काढला काय आणि न काढला काय.

हमी द्यायचा तो कॅमेरा. मुळात तो तान्ह्या मुलांच्या दवाखान्यासाठी तयार झाला होता. बाळाला बोलता येत नाही, ते भुकेने रडतंय की भीतीने, हे डॉक्टरांना कळावं म्हणून. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. माणूस घाबरला की शरीर कडेकडेचं रक्त आत ओढून घेतं. वेळ आली तर पळायला पायांना लागेल, नाकाच्या शेंड्याला कशाला हवं? शेंड्यावर मांस नाही, चरबी नाही, आहेत त्या बारीक रक्तवाहिन्या. त्या आवळल्या की दोन-तीन सेकंदांत शेंडा गार पडू लागतो. कधी अर्धा अंश, कधी दीड. वाऱ्याने सगळा चेहरा गार होतो, कान आधी. भीतीने मात्र कपाळ तसंच राहतं आणि फक्त शेंडा उतरतो. हा फरक कॅमेरा लांबून, उष्णतेच्या चित्रावरून ओळखे. खरी भीती दिसली की वरचा तांबडा मणी पेटे आणि तेवढाच तुकडा, आधीच्या काही सेकंदांसकट, जपून ठेवला जाई. बाकीचं सगळं तो स्वतःच पुसून टाके. राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. भीतीचं बिऱ्हाडही तिथेच आहे, हे शास्त्रज्ञांना जरा उशिरा कळलं.

कॅमेऱ्याचं तोंड पुढून चपटं होतं. सारखी दुसऱ्यांची नाकं बघते म्हणून अस्लम मुजावरने तिचं नाव 'नकटी' ठेवलं होतं. अस्लम कॅमेरामन, सरांचाच जुना विद्यार्थी, आता दोन मुलांचा बाप. नकटी बारा दिवसांसाठी भाड्याने आणली होती, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं हे केतकीला चौथ्या दिवशीच पटलं. गावकरी भराभर घाबरले. मंडळाचे अध्यक्ष तर शेळी शिंकली तरी घाबरले. पण शिक्क्याचा नियम असा की मुख्य पात्राची खरी भीती एकदा तरी दिसलीच पाहिजे. आणि मुख्य पात्र होते सुपनेकर सर.

त्यांना बंद मनोऱ्याच्या गंजक्या शिडीने वर चढवलं. ते वर पोचले, दीर्घ श्वसनाचे पाच प्रकार केले आणि वरूनच ओरडले, "मुजावर, बुटाची नाडी!" त्यांच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला, तेव्हा ते म्हणाले, "एकतीस वर्षं शर्यतीचं पिस्तूल या कानापाशी वाजवलंय." आणि नवव्या दिवशी धामणही वाया गेली.

खरी कमाल केली ती इंदुमतीबाईंनी. या सरांच्या पत्नी. दुपारचा डबा घेऊन सड्यावर यायच्या. केतकीने आईला एक छोटं काम दिलं होतं, परग्रहवासी जिचं ताक पिऊन जातो त्या बाईचं. तिने ताकाचं मडकं घेऊन उभं राहायचं आणि मागे पत्र्याचा डबा आदळला की दचकायचं. पहिल्याच खेपेला मणी पेटला. दुसऱ्यांदाही आणि तिसऱ्यांदाही. मग केतकीने तिला आणखी चार प्रसंगांत घुसवलं. मणी पेटतच राहिला.

"आमच्या घरात कलावंत निघाला!" सर म्हणाले. अभिमान वाटला तसा थोडा हेवाही वाटला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय करतेस गं तू नेमकं?"

"कुटं काय? हुबी ऱ्हाते निस्ती," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

हे उत्तर काही सरांना पटलं नाही. उभं राहण्यात त्यांची हयात गेली होती.

दहाव्या दिवशी दुपारी ते शाळेच्या वर्गात गेले. केतकी तालुक्याला गेली होती. अस्लम एकटाच पडद्यापुढे बसून तुकडे जुळवत होता. सरांना पाहताच तो उठून उभा राहिला.

"बस. मला बाईंचे तुकडे दाखव. तंत्र बघायचंय."

अस्लम घुटमळला. "सर, केतकीला येऊ द्या की. ती दावील."

"तू दाखव."

त्याने दाखवलं. पडद्याच्या एका बाजूला इंदुमतीबाई, दुसऱ्या बाजूला त्यांचंच उष्णतेचं चित्र: गाल तांबडे, कपाळ पिवळं, आणि बघता बघता नाकावर उमटणारा निळा ठिपका. खाली नाकाची रेघ. मागे डबा आदळला आणि त्याच क्षणी रेघ उतरू लागली.

सरांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं. "परत लाव."

त्यांनी चार वेळा वेळ मोजली. मग भुवया आकसल्या. "मुजावर, तूच म्हणाला होतास ना, नाक गार पडायला दोन-तीन सेकंद लागतात म्हणून? मग डबा आदळायला आणि रेघ उतरायला एकच वेळ कशी? ही तर पिस्तुलाच्या आधी सुटली. फॉल्स स्टार्ट. तुझं घड्याळ मागे आहे."

"न्हाई सर. घड्याळ बरूबर हाय."

"मग ही आधी घाबरली कशाला?"

अस्लमने आवाजाच्या बटणाकडे पाहिलं.

"आवाज वाढव," सर म्हणाले. "तीन सेकंद मागे ने."

अस्लमने नेलं. वाऱ्याची घरघर ऐकू आली, कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं. आणि चौकटीच्या बाहेरून एक खणखणीत आवाज आला, "अगं ए, सरक जरा तिकडं!" तीन सेकंद. नाकावर निळा ठिपका. मग डबा.

तो आवाज ओळखायला सरांना वेळ लागला. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून फारसा ऐकू येत नाही.

"दुसरा तुकडा," ते म्हणाले.

दुसऱ्यात "मडकं सरळ धर" होतं. तिसऱ्यात "ए, डबा आणलास का?" चौथ्यात ते अध्यक्षांवर ओरडत होते, तरी नाक इंदुमतीबाईंचंच निळं झालं होतं. सर स्टॉपवॉच दाबत राहिले. दर वेळी तीन सेकंद, एखादा दशांश इकडेतिकडे. इतका नियमित धावपटू त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. पाचव्या तुकड्यात चौकटीच्या कडेला केतकी होती. ती सरांची हॅट सारखी करायला पुढे झाली होती. "नीट कर, घाई नको," तो आवाज म्हणाला. साधंच वाक्य, रागाचं नव्हेच. केतकीचा चेहरा जराही हलला नाही. नाकाचा शेंडा मात्र निळा झाला.

"हे किती आहेत असे?"

"मशीननं अडतीस तुकडं ठेवल्यात सर. त्यातल्या एकतीसमदी तुमचा आवाज हाय. मला पैल्याच दिवशी दिसलं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

अस्लमचा हात नकळत शर्ट आत खोचायला गेला होता. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना उत्तर मिळालं.

"मी कुणाला मारलंय का रे?" त्यांनी विचारलं. हे विचारताना आवाज खाली आणायचा प्रयत्न त्यांनी केला, पण सवय नव्हती. "एकदा तरी?"

"न्हाई सर. कवाच न्हाई."

"मग?"

अस्लमने जमिनीकडे पाहिलं. "मार खाल्ला की संपतोय सर. तुमची हाक संपायचीच न्हाई."

सर घरी आले आणि गुपचूप जेवायला बसले. आमटी अळणी होती. एरवी "अगं, मीठ!" एवढं म्हटलं की मीठ यायचं. आज ते स्वतः उठले, डबा शोधायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मीठ वाढून घेऊन ते परत पाटावर बसले. ते पाहून इंदुमतीबाईंचा घास हातातच राहिला.

"अवो, बरं वाटत न्हाई का?" त्यांनी विचारलं. "ताप हाय का बघू?"

सरांनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं. ते नेहमीसारखंच दिसत होतं. अडतीस वर्षं ते नेहमीसारखंच दिसत आलं होतं. नुसत्या डोळ्यांना काही कळतच नाही, आणि नकटी परवा परत जाणार होती.

अकराव्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. शिकारी एकटाच बंद मनोऱ्याच्या पायाशी जातो, लोखंडी दार ढकलतो आणि आत त्याला परग्रहवासी दिसतो. प्रेक्षकांना फक्त शिकाऱ्याचा चेहरा दिसणार. त्याने छर्ऱ्याची बंदूक रोखायची आणि ओरडायचं, "सावधान!" एवढाच संवाद. तो केतकीनेच लिहिला होता, आणि लिहिताना ती खुदकन हसली होती, असं अस्लम नंतर सांगे.

सरांची नजर बरोबर जागी राहावी म्हणून कुणीतरी आत उभं राहायला हवं होतं. दर वेळी केतकीच राही. आजही तीच आत गेली आणि मनोऱ्याच्या गोल भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात बाजूला, टाचा जुळलेल्या. ती अशी का उभी राहिली हे तिलाही सांगता आलं नसतं. त्या आवाजापुढे तिचं शरीर आपोआप तसंच उभं राहायचं.

नकटी दाराच्या आत, एका कडेला, सरांच्या चेहऱ्यावर रोखलेली. "चला सर," अस्लम म्हणाला.

सरांनी दार ढकललं, बंदूक रोखली आणि आत पाहिलं. दुपारचं ऊन दारातून मुलीच्या पायांपर्यंत आलं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. शब्द जिभेवर आला. एकतीस वर्षांत लाखभर वेळा आला असेल, त्याला काही बोलवावं लागत नाही. आणि तिथेच तो अडला. आता आपण ओरडणार, आणि तीन सेकंदांनी या पोरीचं नाक निळं होणार. दिसणार नाही, पण होणार. सहा वर्षांपूर्वी अंगणात झालं असेल तसंच.

बाहेर कुणीतरी हसलं, कारण दिसायला ते फारच मजेशीर होतं. हॅट घातलेला, पिळदार मिशांचा शिकारी तोंड उघडं ठेवून उभा, आणि आवाज फुटत नाही.

मणी पेटला.

"पेटला!" अस्लम कुजबुजला. "दीड अंश... पावणेदोन... केतकी, सर घाबरल्यात!"

केतकी आतून बापाकडे बघत राहिली. अशा चेहऱ्याने तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती 'कट' म्हणायचं विसरली.

सरांनी बंदूक खाली केली. घसा खाकरला. मग जेमतेम तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "विश्राम."

केतकीचा उजवा पाय आपोआप बाजूला सरकला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि टॅबवर डोकं घालून बसली. "आप्पा, शेवटचा शब्द स्क्रिप्टमध्ये नव्हता," ती म्हणाली.

"मग काढून टाक."

"नाही काढता येणार. नकटीने ठेवलाय." आणि पदर नव्हता म्हणून तिने बाहीला नाक पुसलं. ते कशाने वाहत होतं, वाऱ्याने की आणखी कशाने, ते मोजायला त्या वेळी कॅमेरा तिच्याकडे वळलेला नव्हता.

सिनेमाला शिक्का मिळाला. डिसेंबरात एका रविवारी दुपारी तो शाळेच्या सभागृहात गावाला दाखवला गेला. केतकी आदल्या दिवशी आली. बॅग घेऊन ती शाळेकडे वळली नाही, सरळ घरी आली आणि तिने ती आतल्या खोलीत ठेवली. सर अंगणात झाडत होते. त्यांनी झाडू तेवढा थांबवला, हल्ली ते बोलण्याआधीही जरा थांबत. त्या थांबण्याची घरात अजून सवय व्हायची होती. कधीकधी त्या थांबण्यानेच इंदुमतीबाई दचकत.

सभागृहात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. अध्यक्षांच्या प्रत्येक किंकाळीला शिट्ट्या पडल्या. शेवटी शिकारी दार उघडतो, तोंड उघडून नुसता उभा राहतो आणि साक्षात परग्रहवासीयाला हळूच "विश्राम" म्हणतो, तेव्हा तर सरांचे जुने विद्यार्थी बाकांवर उभे राहिले. गाव असं कित्येक वर्षांत हसलं नव्हतं.

सर आणि इंदुमतीबाई पहिल्या रांगेत होते. त्या हसल्या नव्हत्या. सरही नाही. पडद्यावर नावं सरकू लागली तेव्हा त्यांनी बायकोकडे वळून पाहिलं. नकटी कधीच परत गेली होती. आता एकच उपाय उरला होता, आणि तो त्यांनी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कधी करून पाहिला नव्हता.

"इंदू," ते म्हणाले. "तुझ्या नाकाला हात लावू का?"

"आँ? हितं? समद्यांत?"

"जरा."

त्यांनी बोट पुढे केलं आणि तिच्या नाकाच्या शेंड्याला टेकवलं. नाक गार होतं. आता ते सभागृहाच्या फुटक्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने, की सरांमुळे? कपाळ बघायला हवं, कान बघायला हवेत, रेघ बघायला हवी. बोटाला एवढं कळत नाही. मग विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"इंदू, तुला माझी भीती वाटते का गं?"

मागे लोक अजून हसत होते. इंदुमतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सर उत्तराची वाट बघत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, टाचा जुळलेल्या. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले.

मग इंदुमतीबाईंनी पदरातून हात काढला, सरांच्या नाकाला लावला आणि लगेच मागे घेतला.

"माजं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचंच किती गार पडलंय बगा."